उष्टं ताट

सौदामिनीनं आपला नवरा पाहिला नंतर, आधी ऐकला. अंतरपाटाच्या पलीकडून घशाच्या तळातून काहीतरी खरवडून वर आणल्याचा आवाज आला, भटजी क्षणभर थांबले, आणि मांडवाच्या कडेला पच्चकन पिंक पडली. मुहूर्त लांबला म्हणून नवरदेवाला कुणीतरी विडा दिला होता. अक्षता घेऊन उभ्या असलेल्या बायकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पुरुष माणूस आहे, तंबाखू खातो, थुंकणारच. सौदामिनी मात्र पाऊलभर मागं सरकली. अंतरपाट खाली गेला तेव्हा तिनं नवऱ्याचे डोळे पाहिलेच नाहीत. ओठाच्या कोपऱ्यात लालसर ओघळ सुकला होता, तेवढाच तिला दिसला.

ती उदगीरची. वडील माधवराव तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपौंडर. सौदामिनी अकरा वर्षांची असताना गावात पटकी आली आणि दीड दिवसात तिची आई गेली. त्या दीड दिवसात आईच्या तोंडचं भांडं, पायपुसणी, पातळं, सगळं सौदामिनीनं धुतलं. वडील दवाखान्यात इतर रोगी सांभाळत होते. आई गेल्यावर माधवरावांनी घराला एक शिस्त लावली. पाणी उकळून प्यायचं, ज्याचा त्याचा पेला वेगळा, कुणी कुणाच्या घासाला हात लावायचा नाही. लोक हसायचे. पाठच्या दोन भावांना वाढवण्यात मुलीचं वय उलटून चाललं, तिला एकोणिसावं लागलं, त्यावरही लोक बोलायचे. निजामी राज्यातल्या फसली तेराशे पन्नास साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीसला, नांदेडचं स्थळ आलं. मुलगा रेणुकादास, वय तेवीस, कचेरीत अहलकार म्हणजे कारकून, उर्दू अक्षर मोत्यासारखं, घरी एकटी आई. माधवरावांनी देवाला साखर ठेवली.

सासरी जाताना दोनदा गाडी बदलावी लागली. रेणुकादास खिडकीशी बसला होता. गालात विडा, तो संपला की दुसरा. बायकोशी बोलायचं म्हणून तो तोंड उघडायचा आणि आधी खिडकीतून थुंकायचा. थुंकून झालं की काय बोलायचं ते विसरून जायचा. परभणीच्या अलीकडे वारा फिरला आणि तिच्या नव्या हिरव्या शालूवर बारीक लाल शिंतोडे उडाले. त्यानं पाहिलं. तो ओशाळला असावा, पण त्यानं केलं काय, तर आणखी एक पान लावलं.

नांदेडचं घर नदीकडे जाणाऱ्या बोळात होतं, तीन खोल्यांचं, पुढं पडवी. सासूबाई, गोदावरीबाई, कामाला वाघीण होत्या. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी सुनेला कामं वाटून दिली. सडा, पाणी, भाकरी आणि पिकदाणी. पितळेची ती पिकदाणी रेणुकादासच्या अंथरुणाशी असायची. रात्रभराचं त्यात साचलेलं घट्ट, लाल, बुळबुळीत, वर फेस धरलेलं. ते मोरीत ओतायचं, बुडाशी चिकटलेलं बोटानं काढायचं, राखेनं घासायचं. सौदामिनी पदर नाकाला बांधून ते करायची. हात तीन वेळा मातीनं धुवायची, तरी भाकरी थापताना तिला बोटांना तो वास येत राहायचा.

पण पिकदाणीचं निदान तोंडात घालायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी रेणुकादास जेवून उठला आणि ती त्याचं ताट उचलू लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ठेव ते. बस. त्याच्यातच वाढून घे."

सौदामिनी ताटाकडे पाहत राहिली. एका कडेला चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचे चोथे, दातांचे ठसे असलेले. आमटीत बोटं बुडवून कालवलेला भात, अर्धा खाल्लेला. भाकरीचा तुकडा, एका बाजूनं ओला. रेणुकादास तोंड उघडं ठेवून, मचमच आवाज करत जेवायचा. त्यामुळे त्या ताटातलं काय काय तोंडात जाऊन परत आलंय, हे तिला स्वयंपाकघरातून ऐकूनच कळलं होतं.

"काय बघून राहिलीस?" सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं उष्टं म्हंजे प्रसाद हाय. त्याला तोंड वाकडं करू न्हाई."

तिनं डोळे मिटून खाल्लं. घास न चावता पाण्याबरोबर खाली ढकलला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गायीला घालीन म्हणावं, तर सासूबाई समोर बसायच्या, ताट पुसून होईतो उठायच्या नाहीत. हळूहळू तिची भूकच मेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नवऱ्याची किळस आता ताटापुरती राहिली नाही. त्याच्या धोतराच्या कडेची, त्यानं टेकलेल्या भिंतीवरच्या तेलकट डागाची, त्यानं तिचं नाव घेताना उडणाऱ्या थुंकीची, सगळ्याचीच यायला लागली. फळशोभनाचे विधी रीतसर झाले होते, पण त्या रात्री तो वास जवळ आला तशी ती भिंतीकडे तोंड करून दगडासारखी पडून राहिली. रेणुकादासनं एकदा तिच्या खांद्याला हात लावला, मग काढून घेतला आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला सरकला. तेव्हापासून तो तिथंच झोपायचा. विचारलं काहीच नाही. ह्या न विचारण्याचाही तिला वीट आला होता.

दीड महिन्यानं एका दुपारी ताक-भाताच्या घासात तिच्या दाताखाली काहीतरी काळं, कडू आलं. तंबाखूचं पान होतं, चघळून मऊ झालेलं. ती मोरीकडे धावली आणि आतडी बाहेर येतील अशी ओकली.

तोंड धुऊन वळली तर सासूबाई पाठीशी उभ्या. आधी कपाळाला आठ्या होत्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि पाहता पाहता त्या कठोर चेहऱ्यावर सौदामिनीनं तोवर कधी न पाहिलेलं हसू पसरलं.

"कधीपासून गं?"

सौदामिनीला क्षणभर कळलं नाही. कळलं तसं ती घाबरून म्हणाली, "आत्याबाई, तसं काई..."

"लाजू नको. मला काय कळत न्हाई?" सासूबाईंनी तिला हाताला धरून पाटावर बसवलं. "हे बघ, आजपासून तू येगळं ताट घे. ओकारीच्या दिवसांत उष्टं नको. पोटातल्याला बाधतं."

वेगळं ताट. सौदामिनीच्या ओठांवर आलेलं 'न्हाई' तिथंच अडकलं. सासूबाईंनी फडताळातून लखलखीत ताट काढलं, ऊन भात वाढला, वर तूप घातलं. दीड महिन्यात पहिल्यांदा ती पोटभर जेवली. जेवताना आपण काय करतो आहोत हे तिला ठाऊक होतं. तरी ती जेवली.

दोन दिवसांत बोळभर झालं. शेजारच्या कस्तुराबाई कैऱ्या घेऊन आल्या, कुणी चिंचेचे गोळे दिले. कचेरीत लोकांनी रेणुकादासच्या पाठीवर थापा मारल्या, पेढे मागितले. त्यानं ते वाटले. सौदामिनी थिजून गेली. सासूबाईंना ठाऊक नव्हतं, बोळाला ठाऊक नव्हतं, पण ह्या माणसाला तर चांगलं ठाऊक होतं की असं काही असणं शक्यच नाही! ती वाट पाहत राहिली, आज विचारील, उद्या विचारील. एकदा पडवीतून तो तिच्याकडे पाहत असलेला तिला दिसला. नजरेला नजर भिडली तसा त्यानं डबा उघडला आणि गालात पान कोंबलं.

तिला दोघांचीही शिसारी आली. कैऱ्या खाणाऱ्या स्वतःची आणि पेढे वाटणाऱ्या त्याची.

त्या ओकारीनंतर बाविसाव्या दिवशी सकाळी तिला कावळा शिवला.

पाळीला उशीर झाला होता, तोच सासूबाईंना पुरेसा पुरावा वाटला होता. आता डाग पाहून त्यांनी हंबरडा फोडला. गर्भ गेला म्हणून त्या छाती बडवू लागल्या, सुईणीला बोलवा म्हणू लागल्या. सुनेला दूर पडवीत बसवायचं भान विसरून त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "माझी पोर गं, माझी पोर," म्हणत त्या रडत होत्या, आणि त्यांचे अश्रू सौदामिनीच्या गालावर पडत होते. ते तिला पिकदाणीपेक्षाही सोसवेना. ती ताडकन उठून बसली.

"काई गेलं न्हाई, आत्याबाई. काई नव्हतंच."

"काय म्हन्तीस?"

"मी पोटुशी नव्हते."

मग सासूबाईंनी डोळे पुसले. आवाज एकदम थंड झाला होता. "मग ओकलीस कशानं?"

"ताटानं," सौदामिनी म्हणाली. एकदा सुटलं ते थांबेना. "मला त्यांच्या ताटाची किळस येते. चोथ्याची येते, थुंकीची येते. मला न्हाई खाववत."

दाराशी हालचाल झाली. रेणुकादास कचेरीला निघाला होता, टोपी हातात, गाल फुगलेला.

"ऐकलंस का दासू?" सासूबाई ओरडल्या. "तुझ्या ताटाची हिला किळस येते! महिनाभर सगळ्या गावाला नाचवलं. नेऊन घाल उदगीरला हिच्या बापाकडं!"

रेणुकादासनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. तोंडात विडा होता. तो गिळताही येईना आणि थुंकायलाही त्या क्षणी लाज वाटली असावी. टोपी डोक्यावर ठेवून तो निघून गेला.

सौदामिनी पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसली. सासूबाई लांबून भाकरी टाकायच्या, बोलायच्या नाहीत. बोळातून जाणाऱ्या बायका मान वळवून बघायच्या. ती मनात उदगीरचं गाठोडं बांधून बसली होती. ह्या घराचा, ह्या बोळाचा, वासांचा तिला इतका उबग आला होता की परत गेल्यावर लोक काय म्हणतील ह्याचंही काही वाटेना.

तिसरा दिवस जुम्म्याचा, कचेरीला सुट्टी. दुपारी सासूबाई पुराण ऐकायला गेल्या. रेणुकादास पडवीत आला आणि चार हात अंतर ठेवून जमिनीवरच बसला. सौदामिनीनं सवयीनं तोंड फिरवलं, आणि मग पुन्हा पाहिलं. काहीतरी वेगळं होतं. त्याचा गाल सपाट होता. लग्नाला दोन महिने होऊन गेले, नवऱ्याचा रिकाम्या तोंडाचा चेहरा ती पहिल्यांदा पाहत होती. जबडा लहान होता, पोरसवदा.

"उदगीरला सोडू का?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पेढे वाटले तुम्ही. बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तू खोटी पडली असतीस."

"मला वाटलं, भ्यालात."

"भ्यालो बी होतो," तो म्हणाला. "आईसमोर मला बोलता येत न्हाई. कचेरीत साहेबासमोर येत न्हाई. तोंडात विडा असला की कोणी उत्तर मागत न्हाई. म्हणून लागली ही सवय. आता सुटत न्हाई."

ह्या उत्तरानं सौदामिनी विरघळली असं काही झालं नाही. उलट तिला चीड आली. स्वतःच्या भित्रेपणाचा चोथा हा माणूस रोज आपल्याला खायला घालत होता, असं तिला वाटलं. पण तो आज खोटं बोलला नव्हता, म्हणून तिलाही खोटं बोलवेना. तिनं आईचं सांगितलं. दीड दिवस. आईच्या ओठाला लावलेला पेला, तो विसळताना हाताला लागलेलं पाणी. तेव्हापासून कुणाच्या तोंडचं काही पाहिलं की तो पेला डोळ्यांसमोर येतो.

"तुमची एकट्याची किळस न्हाई ती," ती म्हणाली. "पण तुमची बी येते. लई येते."

रेणुकादास ऐकत होता. बोटं सवयीनं खिशाकडे जात होती, तिथं डबा नव्हता, परत येत होती. शेवटी तो एवढंच म्हणाला, "हाव. येत असंल." आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन घरात आली. रेणुकादास जेवला, सासूबाईंनी ते ताट तिच्यापुढं सरकवलं. उदगीरला पाठवायचं की नाही ह्याचा निकाल त्यांनी असा लावला होता.

"आई," रेणुकादास म्हणाला, "ते ताट तिला देऊ नको. माझ्या तोंडात रोग झालाय."

"कसला रोग?"

"फोड. उष्ट्यातून दुसऱ्याला होतो म्हन्ते हकीमसाब."

सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पोटच्या पोराचं खोटं आईला कळतं. त्यांनी दारातूनच हाक मारून कस्तुराबाईंच्या नवऱ्याला पिटाळलं आणि तासाभरात हकीम गुलाम रसूल स्वतःच दारात हजर झाले. पांढरी दाढी, हातात काठी, बोळातल्या निम्म्या लोकांची नाडी त्यांच्या बोटांना पाठ. रेणुकादासचा चेहरा पडला. तो त्यांच्याकडे गेलाच नव्हता.

हकीमसाहेबांनी त्याला पडवीत उजेडाला बसवलं. "मुँह खोलो मियाँ." रेणुकादासनं तोंड उघडलं. सौदामिनी दाराआडून पाहत होती. काळेलाल दात, दातांच्या मुळाशी साचलेलं किटण, सडक्या जांभळासारख्या हिरड्या, एका गालात आतून पांढरी पडलेली कातडी. हकीमसाहेबांनी चार पावसाळे जास्त पाहिलेले, तरी त्यांनीही डोकं जरा मागं घेतलं.

"ये मुँह है या पीकदान?" ते म्हणाले. मग सासूबाईंकडे वळून, "माँजी, फोड आज नहीं हैं, कल होंगे. जर्दा आज से बंद. और इसका जूठा किसी को मत खिलाव. बिल्ली को भी नहीं."

खोटं सांगायला गेलेल्या माणसाचं खरं निघालं. आपल्या नवऱ्यानं आपल्यासाठी स्वतःला भर बोळात रोगी म्हणवून घेतलं, हे सौदामिनीच्या ध्यानात आलं. तरी त्या उघड्या तोंडाची किळस कमी झाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्यातली कुठली मोठी, हे तिला ठरवता येईना.

सासूबाईंनी पानाचा डबा नदीत नेऊन टाकला. मग जो महिना आला, तो सगळ्यात वाईट. तंबाखू तुटलेला रेणुकादास घामानं भिजायचा, तुरटीच्या गुळण्या करून सगळ्यांवर खेकसायचा. एका सकाळी पाणी गार झालं म्हणून त्यानं तांब्या भिरकावला. तो सौदामिनीच्या पायाशी आपटला.

पूर्वीची ती मुकाट्यानं आत गेली असती. ती तिथंच उभी राहिली. "हे माझ्यावर फेकलं का?"

"न्हाई." तो हाशहुश करत होता. "डोकं फुटून राहिलंय."

"मग डोकं दुखतं म्हणा. तांब्या कशाला बोलायला लावता?"

त्यानं वाकून तांब्या उचलला. "डोकं दुखतंय," तो म्हणाला. त्या घरात कुणीतरी आपल्याला काय होतंय हे सरळ सांगण्याची ती पहिली वेळ असावी. तिनं सुंठ उगाळून आणली.

सासूबाई महिनाभर घुम्या होत्या. एका दुपारी दोघी भांडी घासत असताना त्या स्वतःशी बोलल्यागत म्हणाल्या, "ह्यांना दमा होता. जेवताना उबळ यायची. ताटात बेडका पडायचा. मी बाजूला सारून खायची. तेवीस वर्षं."

सौदामिनीच्या हातातली राख तशीच राहिली. "आत्याबाई, तुम्हाला किळस न्हाई आली?"

"न येऊन कसं चालंल? मी काय जनावर हाय?"

"मग मला का लावलं खायला?"

गोदावरीबाईंनी ताट पालथं घातलं. "मग मी खाल्लं ते काय फुकट?"

सौदामिनीला त्या बाईची दया यायला हवी होती. आली नाही. तेवीस वर्षं बेडके बाजूला सारायचे आणि शेवटी तेच ताट दुसरीच्या पुढं सरकवायचं, ह्या सगळ्या रीतीचीच तिला अशी घाण आली की हातातलं भांडं टाकून ती अंगणात जाऊन उभी राहिली. रेणुकादासच्या तोंडाचा राग त्या दिवशी निम्मा उतरला. राग धरायला त्याच्याहून मोठी जागा सापडली होती.

दोन वर्षांनी रेणुकादासची बदली रेणापूरकडच्या एका लहान गावी महसूल तपासणाऱ्या गिरदावराच्या हाताखाली झाली. सासूबाई नांदेडलाच राहिल्या. नव्या गावात नवराबायको समोरासमोर पाट मांडून एकाच वेळी जेवायची. पाणी भरायला येणारी शिवगंगा पहिल्या दिवशी दारात थबकली आणि गावभर सांगत सुटली. मचमच आवाज अजून व्हायचाच. "तोंड मिटून," सौदामिनी म्हणायची आणि चार घास तो मिटायचा. तंबाखूही पुरती सुटली नव्हती. चावडीवर दिवसाकाठी एक चिमूट तो खायचा, घरी येण्याआधी चूळ भरायचा, आणि तिला वास यायचाच. ती ते तोंडावर सांगायची. तो "हाव" म्हणायचा. त्यांचा संसार असाच होता. गोड म्हणावा असा नाही. पण आता दोघं सतरंजीच्या दोन टोकांना झोपत नव्हती.

त्याच वर्षी दौऱ्यावर आलेल्या एका अंमलदारानं भर चावडीत रेणुकादासच्या अंगावर कागदांची मिसल फेकली. लिहिण्यात एक चूक होती, आणि तीही त्याची नव्हती. साऱ्या गावासमोर अंमलदार त्याला गाढव म्हणाला, कागद गुडघ्यावर रांगत गोळा करायला लावले. रेणुकादास दुपारीच घरी आला. सौदामिनी डाळ निवडत होती. तो तिच्यासमोर बसला आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगू लागला, रांगण्यासकट. बोलता बोलता तो रडायला लागला. लहान पोरासारखा, नाकातोंडातून पाणी वाहत, शेंबूड मिशीवरून ओठावर येत होता. त्यानं तो पालथ्या हातानं पुसला, आणि तोच हात तिच्या हातावर ठेवला.

तो हात ओला होता, चिकट होता. सौदामिनीच्या अंगावर सरसरून काटा आला, मान आपोआप मागं गेली. पण हात तिनं काढून घेतला नाही. डाव्या हातानं दोरीवरचा पंचा ओढून त्याच्या मांडीवर टाकला.

"नाक पुसा," ती म्हणाली. "आणि मग काय म्हणाला तो मेला, पुढं सांगा."